थंडीत माशांना खायला घालू नये

अमडापूर
१९ नोव्हेंबर २०२४

चि. अनुपमा,
आशीर्वाद.

गोपाल असतानाच्या सवयीने आधी एका कागदावर तुझ्या नावामागे सौ. लिहून गेलो. तो कागद बाजूला ठेवला आणि हा दुसरा घेतला.

फोन करत नाही याचा राग मानू नकोस. डावा कान गेलाच होता, आता उजव्यातही नुसती घरघर येते. फोन तुझ्या सासूजवळ, आत्याबाईजवळ, असतो. त्यावर कोणी काही लिहून पाठवलं की ती शेजारच्या निशिगंधाला बोलावून वाचून घेते. कागदाला मात्र हात लावत नाही. मी एसटी डेपोतले कागद घरी आणायचो तेव्हापासून घरातला प्रत्येक कागद माझा, असं तिनं धरलेलं आहे. हे पाकीट चिखलीच्या स्टँडवर लोणारच्या गाडीत देतो. वाहक ओळखतात अजून. उत्तर तसंच उलट गाडीने दे, खिडकीवर माझं नाव सांग.

विषय माशांचा आहे.

आपल्या गोपालनं परसात तळं केलं तेव्हा गल्लीनं हसून घेतलं होतं. लोकांच्या शेततळ्यांत प्लास्टिकचा कागद टाकायचं त्याचं काम, त्यातलाच उरलेला तुकडा आणून त्यानं घरामागं खड्डा अस्तरला आणि त्यात हे जपानी कोई मासे आणून सोडले. खात नाही तं पाळते काऊन, असं पंजाबराव मला पारावर विचारायचा. तो गेल्यावर तू पाहायचीस. तू लोणारला रुजू झालीस तेव्हापासून मी पाहतो. पाहतो म्हणजे सकाळी मूठभर दाणे टाकतो.

आता थंडी पडली आणि ते वर येत नाहीत. पूर्वी पाय वाजले की तोंडं उघडून काठाशी गर्दी करायचे. आता दाणे तरंगत राहतात आणि फुगून खाली जातात. तो मोठा पांढरा, ज्याच्या डोक्यावर तांबडा डाग आहे, ज्याला सगळे सरपंच म्हणतात, तो तळाशी एका जागी बसून आहे. पंजाबराव म्हणतो मुदत संपली असेल.

गोपाल थंडीत काय करायचा? मी कधी नीट पाहिलं नाही. तू त्याच्याबरोबर असायचीस. जे आठवेल ते लिही. हे मासे हिवाळ्यातून निघाले पाहिजेत. दुसरं काही मी मागत नाही.

वसतिगृहाची खोली कशी आहे? मुली त्रास देतात का?

तुझा,
मामाजी


लोणार
२४ नोव्हेंबर २०२४

ती. मामाजी,
नमस्कार.

पाकीट मिळालं. खिडकीवरच्या माणसाने तुमचं नाव ऐकून चहा विचारला.

मासे आजारी नाहीत. थंडीत ते असेच बसतात. गोपाल जे करायचा ते लिहिते.

काठाच्या खुंटीला दोरी आहे, तिला काचेचा थर्मामीटर बांधलेला आहे. सकाळी तो वर ओढून पाहायचा. पारा पंधराच्या खाली गेला की खायला घालणं बंद. थोडंसुद्धा नाही. खाल्लेलं पचवायला त्यांना पाण्याची ऊब लागते. पाणी गार झालं की आतडं चालत नाही आणि पोटात गेलेलं तिथेच कुजतं. थंडीत कोई उपाशी राहून मरत नाही, खाऊन मरतो. गोपाल हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा.

हवेच्या पंपाचा दगड तळाशी असेल तर अर्ध्यावर उचलून बांधा. तळाचं पाणी दिवसरात्र सारखं राहतं, ते ढवळलं जाऊ नये. लिंबाचा पाला पडतो म्हणून जाळी अंथरायची. पाणी बदलायचं नाही, तळ उपसायचा नाही, काठीने हलवून जिवंत आहेत का पाहायचं नाही. एवढंच. हिवाळ्यात त्यांची काळजी म्हणजे बहुतेक काही न करणं.

शिवरात्रीच्या सुमाराला पाणी तापेल आणि ते आपोआप वर येतील.

एक विनंती. खाणं बंद करायला मी सांगितलं असं आत्याबाईंना सांगू नका. तुमचंच म्हणून सांगा.

खोली बरी आहे. मुली चांगल्या आहेत. मी अधीक्षिका आहे हे त्यांना अजून पटलेलं नाही, ताई म्हणतात. जेवणाच्या वेळी पंगतीत उभं राहून वाढप पाहणं हे माझं मुख्य काम.

अनुपमा


अमडापूर
६ डिसेंबर २०२४

चि. अनुपमा,
आशीर्वाद.

सगळं केलं. दगड वर बांधला, जाळी टाकली. पारा पंधराच्या खाली गेला त्या दिवशी दाण्याचा डबा उचलून माळ्यावर ठेवला.

आत्याबाईजवळ तुझं नाव घेतलं नाही, पण उपयोग झाला नाही. थंडीत माशांना खायला घालू नये, असं मी म्हटलं. तिनं हातातलं काम थांबवलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला ऐकू येत नाही म्हणून ती हल्ली महत्त्वाचं असेल तर समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलते.

"तिनंच सांगतलं ना? तिले जमते लोकायच्या तोंडचा घास काढणं."

मी म्हटलं, गोपालच असं करायचा. दुसऱ्या दिवसापासून तिनं माशांचं नाव काढलेलं नाही. दुपारी तळ्याकाठी जाऊन बसते म्हणे, तेवढंच. मला वाटतं तिला पटलं.

गोपाल दवाखान्यात होता तेव्हा त्या दिवशी मी खाली औषधांच्या रांगेत होतो. काय झालं ते तिच्या तोंडून ऐकलं. तू कधी बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. आताही विचारत नाही. तिचं बोलणं तुला लिहिलं कारण न लिहिणं खोटं झालं असतं.

काल लहान पिवळा मासा मेला. सकाळी जाळीखाली आडवा तरंगत होता. सीताफळाच्या बुडाशी खड्डा करून पुरला. पाणी थोडं गढूळ दिसतं आहे. थंडीनं असेल. मी दुपारभर हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात असतो, त्यामुळं दिवसा नीट पाहणं होत नाही.

बाकी घरी ठीक. स्वयंपाक ती वेळेवर करते. भरडलेल्या ज्वारीच्या मऊ कण्या मात्र रोज, पातेलंभर. माझे दात गेले म्हणून मी खातो, पण एवढ्या कोण खाणार? उरलेल्या कुठे जातात कोण जाणे. गाईला घालत असेल.

पिवळा कशानं गेला असेल?

मामाजी


लोणार
११ डिसेंबर २०२४

ती. मामाजी,
नमस्कार.

एखादा मासा थंडीत जातो. गोपालच्या हातूनही गेले आहेत. पण पाणी थंडीने गढूळ होत नाही, उलट निवळतं. पुन्हा कोणी मेला तर इतकं पाहा: पोट फुगलं आहे का, खवले उभे राहिले आहेत का, पाण्याला आंबूस वास येतो का. दाण्याचा डबा माळ्यावर आहे ना? खात्री करा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. तुम्ही एकाच बाजूने ऐकलं आहे आणि त्यात चूक काही नाही.

त्याच्या स्वादुपिंडाला सूज होती. पोटाला पूर्ण विश्रांती, तोंडाने पाणीसुद्धा नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पलंगाच्या डोक्याशी तसा कागदही चिकटवला होता. आत्याबाईंना वाचता येत नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. तो कण्या मागत होता. ताकातल्या कण्या. औषध मागावं तशा मागत होता. आत्याबाईंनी समोरच्या धर्मशाळेत चूल मिळवली आणि कण्या शिजवून डब्यात आणल्या. झाकण उघडलं तेव्हा तो कोपरावर उठून बसला. कित्येक दिवस तो कुशीवरही वळला नव्हता. त्यांनी चमचा भरला. मी डबा त्यांच्या हातातून घेतला, झाकण लावलं आणि बाहेर नेऊन ठेवला. परत आले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून होता.

त्यानंतर तो तिसऱ्या दिवशी गेला. शुद्धीत असेपर्यंत हाताने खाण्याची खूण करत होता.

डॉक्टर म्हणाले ते बरोबर होतं. मी केलं तेही बरोबर होतं. त्याचा उपयोग झाला नाही. आत्याबाईंच्या मनातलं मी समजू शकते, मामाजी. त्यांच्याजवळ बसून राहणं मात्र मला जमलं नाही, म्हणून ही नोकरी घेतली.

अनुपमा


अमडापूर
२१ डिसेंबर २०२४

चि. अनुपमा,

तुझं पत्र शेतात बसून वाचलं.

सरपंच गेला.

कालपासून तो तिरका पोहत होता, एका बाजूला कलून. आज सकाळी काठाशी आला आणि तिथंच थांबला. मी हात घातला तरी हलला नाही. तू विचारलं होतंस ते पाहिलं. पोट फुगून टणक झालं होतं. खवले उभे, वाळलेल्या कणसासारखे. पाण्याला वास येतो. आंबवलेल्या पिठाचा असतो तसा.

दाण्याचा डबा माळ्यावर आहे. झाकणावर धूळ बसली आहे, तिच्यावर बोट उमटलेलं नाही.

त्याला उचलून फडक्यावर ठेवताना पोटावर दाब पडला आणि मागून पांढरे दाणे बाहेर आले. मऊ, बाजरीहून मोठे. बरेच होते. मला वाटतं अंडी असावीत. म्हणजे तो सरपंच नव्हता, सरपंचीण होती. थंडीत अंडी धरतात का? तसं असेल तर अंडी अडकून गेली असं म्हणता येईल आणि आपली चूक धरता येणार नाही.

तिला मी सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटवली, मग उठून परसात गेली. मी सीताफळाखाली खड्डा करत असताना ती फडक्याशी बसली आणि त्या माशावरून हात फिरवत राहिली. गोपाल गेल्यावर तिला तो फक्त दवाखान्याच्या कपड्यात गुंडाळलेला पाहायला मिळाला होता, हात लावू दिला नव्हता कोणी. तेव्हा तू तिथं होतीस.

पंजाबराव भेटायला आला. माशासाठी. थट्टा केली नाही. चहा पिऊन गेला.

आणखी चार-पाच राहिले आहेत, गढूळ पाण्यात नीट मोजता येत नाहीत. ते जगतील असं काही असेल तर लवकर कळव.

मामाजी


लोणार
२६ डिसेंबर २०२४

ती. मामाजी,
नमस्कार.

ती अंडी नाहीत. कण्या आहेत.

तुम्ही दुपारी शेतात असता तेव्हा आत्याबाई त्यांना कण्या घालतात. रोज पातेलंभर शिजतात असं तुम्हीच लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं आणि पुढे गेले होते. तेव्हाच कळायला हवं होतं. मासे वर येत नसताना त्या त्यांना कसं खाऊ घालतात ते मला सांगता येत नाही, पण पाण्याचा वास आंबलेल्या ज्वारीचा आहे.

आता काय करायचं ते मी दोन दिवस ठरवते आहे.

त्यांना थांबवायचं तर कारण सांगावं लागेल. खाऊ घातल्याने मासे मेले असं सांगावं लागेल. दवाखान्यात त्यांना जे ऐकावं लागलं तेच पुन्हा, आणि या वेळी सिद्ध करून. मला ते करायचं नाही. तुम्ही सांगितलंत तरी त्यांना ते माझंच वाटेल. त्या म्हणतील, जिंकली. मला अशी बाजू नको आहे, मामाजी.

न सांगावं तर उरलेलेही जातील. पुढच्या आठवड्यात थंडी वाढणार असं म्हणतात.

मासे गोपालने आणले, पण आत्याबाई आपल्या आहेत. मी तिथे असते तर मासे जाऊ दिले असते. पण मी तिथे नाही आणि तुम्ही एकच गोष्ट मागितली होती. म्हणून निर्णय तुम्ही घ्या. मी कशालाच नाही म्हणणार नाही.

अनुपमा


अमडापूर
१६ जानेवारी २०२५

चि. अनुपमा,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला.

तुझं पत्र आलं त्यानंतर एक दिवस मुद्दाम शेतातून लवकर परतलो. न्हाणीच्या भिंतीआड उभा राहिलो. ती तळ्याकाठी गुडघे टेकून बसली होती. जाळीची एक कड उचललेली. बाही वर केलेली. डब्यातून मूठ भरून ती हात पार खांद्यापर्यंत पाण्यात घालत होती आणि कण्या तळाशी नेऊन ठेवत होती, माशाच्या तोंडासमोर. तसाच हात बाहेर काढून पदराला पुसायचा आणि पुन्हा. पाणी किती गार असतं ते मला माहीत आहे, मी रोज दोरी ओढतो.

ती बोलत होती. मला ऐकू येत नाही, पण इतक्या वर्षांच्या बाईचे ओठ वाचता येतात.

"खा बाप्पा. कोणी नाही पाहून राह्यलं."

मी पुढे झालो नाही. पुढे झालो असतो तर मलाही तिच्या हातातला डबा घ्यावा लागला असता.

मग मी जे केलं ते असं. दुसरबीडचा ज्ञानेश्वर तुला आठवत असेल. गोपालबरोबर कागद टाकायला जायचा. त्याच्या मळ्यातलं शेततळं गोपालनंच अस्तरलं होतं. ते खोल आहे, तळाला पाणी बरं राहतं. संक्रांतीच्या आठवडाभर आधी ती तानुबाईकडे, तिच्या बहिणीकडे, मेहकरला गेली. तिला मीच बळेच पाठवली, बहिणीला पाहून ये म्हणून. त्या दिवशी ज्ञानेश्वर पिकअप घेऊन आला. दोन निळे ड्रम, हवेचा पंप. आम्ही दोघांनी तळ्यात उतरून जिवंत होते ते उचलले. काळ्या पाठीचा, दोन नारंगी आणि तो चट्ट्यापट्ट्याचा. एक नारंगी वाटेतच मेला. बाकीचे त्यानं सोडले ते सरळ तळाला गेले. पुन्हा कोणाला दिसलेले नाहीत. जगतील की नाही ते उन्हाळा लागल्यावर कळेल, असं ज्ञानेश्वर म्हणतो. इथून निघताना त्यानं परसातल्या तळ्याला हात लावून नमस्कार केला.

मी जाळी पुन्हा अंथरली. पाणी होतं तसंच गढूळ ठेवलं.

ती संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन तळ्यावर गेली.

ती रोज जाते. मी शेतातून आलो की ती देवापुढं दिवा लावत असते तेवढ्यात चाळणी घेऊन जातो आणि तळाच्या कण्या काढून घेतो, नाही तर वास सुटेल आणि तिला कळेल. पाण्यात काही नाही. ती रिकाम्या पाण्याला जेवू घालते आणि मी ते उचलतो.

मला हे बरोबर वाटतं का, असं विचारू नकोस.

मामाजी


लोणार
२३ जानेवारी २०२५

ती. मामाजी,
नमस्कार.

विचारत नाही.

पण फेब्रुवारी सरता सरता पाणी तापेल. मासे वर यायची वेळ होईल आणि वर काही येणार नाही. तेव्हा त्यांना काय सांगायचं ते आतापासून ठरवून ठेवा.

पाण्यात उतरलात ते वाचून काळजी वाटली. छातीत थंडी भरली नाही ना?

अनुपमा


अमडापूर
१२ फेब्रुवारी २०२५

अनुपमा,

निशिगंधा लिहून राह्यली. मी बोलते तसंच लिही, पुस्तकातल्यावाणी करू नको, असं तिले बजावलं हाय. ती हासते आन लिहिते. तुह्या मामाजीले हे मालूम नाही. ते शेतात गेले.

तुमचे कागद येते-जाते ते मले ठाऊक हाय. मी काही इचारलं नाही. त्याइले कोणाशी तं बोलाव लागते, माह्याशी बोलता येत नाही.

तळं रिकामं हाय ते मले मालूम हाय. तानुबाईकडून आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी समजलं. हात खाली घातला तं काहीच हाललं नाही. मासा जवळ असला की पाणी हातावर येते, थोडंसंच, पण येते. तिसऱ्या दिवशी बी नाही आलं. परसात गाडीच्या चाकाचे वण होते, त्यावर त्याइनं राख टाकली होती. इतकी राख कोणी टाकते का? आन माही पुरणाची चाळणी रोज ओली. मले काय डोळे नाहीत?

मी बोलली नाही. ते रोज वाकून वाकून कण्या काढते, कंबर दुखते त्याइची. पण त्याइले वाटते मले समजलं नाही पाह्यजे. तं राहू दे. तू बी सांगू नको.

कण्यानं मासे मेले, ते बी मले समजलं. सरपंच मेला तवाच समजलं. पोटावर हात फिरवला तं हाताले लागल्या. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टाकल्या. म्या समजून टाकल्या, अनुपमा. दुपार झाली की चूल पेटवल्याशिवाय राहवत नाही. कण्या झाल्या की कोणाले तरी द्याव्या लागते. आता टाकलं तं कोणाचं पोट दुखत नाही. म्हणून टाकते.

तुले एक इचारायचं होतं. फोनवर नाही जमत. म्हणून हिले बसवलं.

त्याले खाऊ नाही घातलं, तो गेला. याइले खाऊ घातलं, हे गेले. मंग मी काय समजू, सांग. तू शिकेल हाय.

तुहा राग हाय मले. गेला नाही. खोटं कशाले बोलू. पण दवाखान्यातून घरी आल्यावर तू ताटावर बसे आन उठे. दोन घास. मी पाहत होती. तुले जेव म्हणलं नाही मी. एकदा बी नाही. पोरीले उपाशी उठू देलं माह्या घरातून, दोन महिने. ते काही डॉक्टरनं सांगतलं नव्हतं.

तिथं तू पोरीयले वाढते म्हणे. तुले कोण वाढते?

एखाद्या रविवारी ये. रोडकीच्या रोडकी येशील, मी काही म्हणणार नाही. भाजी कोणती करू तेवढं कळव. हिच्या फोनवर नको सांगू, कागद धाड. कागद आला तं बरं वाटते, हे मले आता समजलं.

अन्नपूर्णाबाई
(लिहिणारी निशिगंधा. ताई, काकू मध्ये थांबल्या तिथे मी काही लिहिलं नाही.)


लोणार
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाई,
नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. शिकले त्यात ते नव्हतं.

मामाजींना काही सांगणार नाही.

येत्या रविवारी येते. पहिली गाडी पकडली तर ऊन चढायच्या आत पोचेन. भाजी तुम्हाला त्या दिवशी जी सोपी पडेल ती करा. सकाळी इथून काही खाऊन निघणार नाही.

अनुपमा